बाकीचे चार

प्रिय दुप्पट,

गेल्या सोमवारी सकाळी उठल्या उठल्या मी चोरी केली. अंघोळ केली, देवापुढे दिवा लावला, हात जोडले आणि त्याला सांगितलं की आता मी जे करणार आहे त्याकडे तू थोडा वेळ काणाडोळा कर. मग पाना खिशात घालून धक्क्यावर गेलो, लाँचच्या सुकाणूचा दांडा खोलला, पोत्यात गुंडाळला, घरी आणला आणि दुसरी जागा सुचेना म्हणून देवाच्याच फळीमागे उभा करून ठेवला. पन्नाशीला टेकलेला माणूस स्वतःच्या बापाचा दांडा चोरून देवाआड लपवतोय. हसू नकोस. निदान पुढचं वाचून होईपर्यंत तरी हसू नकोस.

मला वाटलं होतं, दांडा नाही म्हणजे लाँच सुटणार नाही, माणसं पुलाकडून जातील, आणि तेवढ्या वेळात अप्पांना बाकावर बसवून शांतपणे बोलता येईल. अप्पा आले. दांड्याच्या जागी नुसतं बोल्टाचं भोक बघितलं, बोटाने चाचपलं. मग पत्र्याच्या खोलीमागे गेले, फावडं उचललं, त्याचं पातं ठोकून काढलं आणि त्याचा दांडा सुकाणूत बसवला. पहिली फेरी वेळेवर सुटली. दिवसभर ते फावड्याच्या दांड्यावर लाँच चालवत होते आणि चढणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, की रात्री चोर येऊन गेला, इंजिनाला हात लावला नाही, डिझेलला हात लावला नाही, लाकडाचा एक दांडा तेवढा घेऊन गेला, इतका मूर्ख चोर आपण उभ्या जन्मात पाहिला नाही. माणसं पोट धरून हसत होती. मीही दोर गुंडाळत हसत होतो. दुसरं काय करणार?

हे तुला फोनवर सांगता आलं असतं, पण अप्पा घरात असताना फोनवर बोलायची सोय राहिलेली नाही. डोळ्यांतून जे गेलं ते सगळं कानांत जाऊन बसलंय. तुझी वहिनी स्वयंपाकघरात डब्याचं झाकण काढते आणि हे बाहेरच्या बाकावरून विचारतात, साखर संपत आली का गं. आणि साखर खरंच संपत आलेली असते. म्हणून पत्र. गावच्या शाळेत गुरुजींनी पत्रलेखन घोटून घेतलं, ते पुढे बापाच्या कानांपासून लपायला कामी येईल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

तू दर रविवारी सांगतेस, दादा, त्यांना समजावून सांग, आवाज चढवू नकोस. बाई गं, तुझं बरं आहे. तू शाळेच्या पोरांना त्या तारांगणाच्या घुमटाखाली बसवतेस, आकाश दाखवतेस, पोरं टाळ्या वाजवून आपापल्या घरी जातात. माझं पोर अठ्ठ्याहत्तर वर्षांचं आहे आणि ते माझ्याच घरी राहतं. मी समजावून सांगितलंय. जेवताना सांगितलं, दाढी करून देताना सांगितलं, तुझ्या वहिनीकडून सांगवलं. ती सून असूनही तिचं ते माझ्यापेक्षा जास्त ऐकतात, पण या बाबतीत तिचंही नाही. सगळं ऐकून घेतात, मान हलवतात आणि शेवटी म्हणतात, मला जोडी दिसते. झालं. भिंतीवर डोकं आपटावं तर भिंतही आपलीच, तिचा गिलावा मलाच परत करावा लागणार.

त्या जोडीने माझं आयुष्य खाल्लंय. तुमच्या पुस्तकांत त्यांना वसिष्ठ आणि अरुंधती म्हणतात, आपल्या घरात नुसतं जोडी. सप्तर्षींच्या शेपटीतला मधला तारा आणि त्याला खेटून असलेला तो बारीक ठिपका. ज्याला उघड्या डोळ्यांनी दोघं वेगळे दिसतात त्याच्याच हातात सुकाणू, ही पणजोबांपासूनची रीत. लाँच वल्ह्यांची होती तेव्हापासूनची. माझी परीक्षा झाली तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. शेवटची फेरी लागली होती, अंधार नुकता दाटला होता, आजोबांनी माझी हनुवटी धरून मान वर केली आणि किती म्हणून विचारलं. मी दोन म्हणालो आणि धाकटा कुठल्या अंगाला आहे तेही सांगितलं. आजोबांनी पाठ थोपटली. सुकाणू मात्र मिळालं नाही, दोर मिळाला. अप्पा थकले की सुकाणू तुझं, असं तेव्हा ठरलं. आता अप्पा थकलेच नाहीत त्याला मी काय करू? त्या दिवसापासून मी दोर फेकतोय. खांदा गेला, केस पिकले, हातातला दोर तेवढा तीनचारदा नवा झाला.

तुझी परीक्षा मी तुला सांगायला नको. पण ती माझ्याही डोळ्यांपुढून जात नाही. तू हट्ट करून उभी राहिलीस. अप्पांनी विचारलं, किती? तू बराच वेळ बघत राहिलीस आणि म्हणालीस, चार, दोन मोठे आणि दोन बारीक. अख्खा धक्का हसला, अप्पा सगळ्यांत जास्त. त्या संध्याकाळपासून तू दुप्पट. पुढे शाळेतल्या बाईंनी तुला डॉक्टरकडे नेलं, तुझ्या बुबुळाचा आकारच असा की एकाचे दोन दिसतात असं निघालं, आणि तू जाड काचांचा चष्मा लावून धावत धक्क्यावर आलीस. म्हणालीस, अप्पा, दोनच आहेत. अप्पा म्हणाले, चष्म्यातून नाही, उघड्या डोळ्यांनी सांग. तू चष्मा काढलास, वर बघितलंस आणि जे दिसलं तेच सांगितलंस. चार. एकदा चष्म्यातून दोन बघितल्यावर दोन म्हणून टाकायला तुझं काय जात होतं? पण तू म्हणाली नाहीस. त्यानंतर तू लाँचवर चढायचीस ती पुढच्या फळीवर बसायला. सुकाणूच्या बाजूला फिरकली नाहीस.

आणि मग तुझं ते कार्ड आलं. तुला त्या घुमटाच्या कामावर घेतल्यावर पहिल्या महिन्यात तू पाठवलेलं. मी ते अप्पांना वाचून दाखवलं होतं. जोडीतला मोठा तारा म्हणजे खरे चार तारे आहेत, धाकटा म्हणजे दोन, मिळून सहा, आपल्या डोळ्यांना दोन दिसतात. चांगली दुर्बीण असली तर मोठ्याचे दोन झालेले दिसतात, म्हणजे तिसरा दिसतो. बाकीचे इतके एकमेकांना बिलगून फिरतात की ते तशा दुर्बिणीतूनही सुटे होत नाहीत, त्यांच्या प्रकाशावरून ते आहेत हे कळतं. अप्पांनी ऐकलं आणि म्हणाले, आधी चार होते, आता सहा. पोरगी मोठी झाली तसे तारेही वाढले. आठवडाभर त्यांनी तो विनोद या काठाहून त्या काठाला नेला आणि आणला. मी तुला कळवलं नव्हतं. आता कळवतोय, कारण पुढे त्याचं काम आहे.

मला मात्र तुझं कार्ड फार आवडलं होतं. रोज सकाळी मी ज्याच्यापुढे दिवा लावतो, तोही मला कधी दिसलेला नाही. त्याच्या उजेडावरूनच तो आहे असं मी धरून चालतो. तेव्हा मी मनात म्हणालो, आपण काही अगदीच खुळे नाही, शिकलेली माणसंही असंच करतात.

असो. मुद्द्यावर येतो, नाहीतर तू म्हणशील दादा देवळात शिरला की बाहेर येत नाही.

आधी फक्त धक्क्याचा डावा खांब होता. लाँच लावताना ती त्याला घासायला लागली. अप्पा म्हणाले, गाळ साचून पाण्याची ओढ बदलली आहे. मी मान्य केलं, ओढ बदलते. मग मास्तरीणबाईंचं झालं. त्या पलीकडच्या शाळेत शिकवतात, रोज सकाळच्या फेरीला असतात, रोज अप्पांना नमस्कार करतात आणि अप्पा रोज त्यांना विचारतात, आज कुणाचे कान पिळणार. एक दिवस लाँच मध्यावर असताना अप्पा मला मोठ्याने म्हणाले, मास्तरीणबाईंची बदली झाली वाटतं, बऱ्याच दिवसांत दिसल्या नाहीत. बाई त्यांच्या डाव्या हाताला बसल्या होत्या, इतक्या जवळ की त्यांची पिशवी अप्पांच्या गुडघ्याला लागत होती. त्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी पाण्याकडे बघायला लागलो. उतरताना त्या मला बाजूला घेऊन एवढंच म्हणाल्या, की माझ्या वर्गातली अर्धी मुलं या लाँचने येतात.

आणि मग त्या जाळं टाकणाऱ्याची होडी. डाव्या बाजूने येत होता बिचारा, आमच्या पुढून जायला त्याला भरपूर वाव होता, अप्पांनी लाँच थोडी जरी वळवली असती तरी. अप्पांनी वळवली नाही. मी पुढून ओरडलो, त्यानेही ओरडून वल्हं आडवं धरलं, ते वल्हं आमच्या कडेखाली सापडून मोडलं म्हणून होडी वाचली. तो उभा राहून अप्पांना नाही नाही ते बोलला. अप्पांना राग आला नाही, हे मला जास्त लागलं. ते नुसते गोंधळले. मला परत परत विचारत राहिले, हा आला कुठून? जसा काही तो पाण्यातून वर आला होता.

मग मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं, ते कसं नेलं हे विचारू नकोस, माझ्या चष्म्याचा नंबर काढायचाय, सोबत या, असं सांगून नेलं. तिथे गेल्यावर बाईंनी त्यांनाच खुर्चीवर बसवलं. भिंतीवरच्या पाटीवरची अक्षरं वाचायला सांगितली. अप्पांनी अगदी खालची, मुंगीएवढी ओळ घडाघडा वाचली. मला चष्म्याशिवाय त्यातल्या वरच्या ओळीही धड दिसत नव्हत्या. अप्पांनी बाहेर बसलेल्या लोकांकडे वळून सगळ्यांना सांगितलं, मी याच्यासोबत आलोय, डोळे याचे गेलेत. मग बाईंनी त्यांना एका यंत्रापुढे बसवलं. मध्ये बघत राहायचं, कडेला कुठे दिवा लागला की हातातलं बटण दाबायचं. मी मागे उभा होतो. पडद्याच्या कडेला दिवे लागत होते आणि अप्पा स्वस्थ बसले होते. मधेच कंटाळून म्हणाले, तुमचं मशीन बिघडलंय, दिवे लागतच नाहीत.

काचबिंदू. बाईंनी मला नीट समजावलं. मधलं त्यांना आपल्यापेक्षा स्वच्छ दिसतं, कडेचं गेलं आहे, डावीकडचं तर पारच. नळीतून बघितल्यासारखं. गेलेलं परत येत नाही, थेंब घालून उरलेलं सांभाळायचं. आणि तेही किती सांभाळलं जाईल हे त्या सांगू शकल्या नाहीत, मधलंही एखादे दिवशी जाऊ शकतं म्हणाल्या. आता माझी पंचाईत बघ. अप्पा खोटं बोलत असते तर मी त्यांना पकडलं असतं. पण त्यांना जोडी खरंच दिसते! तारा लांब आहे, समोर आहे, त्या नळीत बरोबर मावतो. शेजारची होडी मावत नाही, मास्तरीणबाई मावत नाहीत. चार पिढ्या आपण माणसांना आकाशाकडे बघायला लावून पास करत आलो आणि शेजारी काय आहे ते दिसतं का, हे कुणाला विचारायचं सुचलं नाही.

हे मी धक्क्यावर कुणाला बोललो तर माणसांनी काय म्हणावं? चहावाल्याने तोंडावर म्हटलं, एवढी वर्षं थांबलास, आता अजून थोडा थांब, म्हातारा काय सुकाणू वर घेऊन जाणार आहे का. म्हणजे मला गादीची घाई झाली आहे. अप्पाही तेच समजतात, बोलून दाखवत नाहीत एवढंच. तुझी वहिनी म्हणते, लोक काय म्हणतात ते सोड, तुझ्या मनात तसं नाही ना? मला तिचा राग आला. राग आला याचा अर्थ थोडंसं तसं असेलही. देवापुढे बसून तेही तपासून बघितलं. असलं तर असलं. माझ्या मनात काय आहे यावर ती मुलं तरणार किंवा बुडणार नाहीत, सुकाणूवर कोण आहे यावर तरणार आहेत. म्हणून मग सोमवारची ती चोरी, आणि फावड्याचा तो तमाशा.

बुधवारी तुझ्या वहिनीने देवाची फळी पुसायला घेतली आणि दांडा तिच्या पायावर पडला. मी कबूल करण्याआधीच तिला सगळं कळलं. ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं, आणि मग रडली, आणि मग म्हणाली, हे असलं पोरकट काही करू नकोस, जे करायचं ते त्यांच्या समोर कर. शेवटच्या फेरीनंतर मी दांडा घेऊन निघालो. धक्क्यावर दुसरं कुणी नव्हतं. अप्पा अगदी टोकाला उभे होते, मान वर, हात मागे बांधलेले. दिवस मावळून थोडा वेळ झाला होता, सप्तर्षी चांगले वर आले होते. मी जाऊन त्यांच्या डाव्या बाजूला उभा राहिलो, हात लांबवला तर खांदा हाताला लागेल इतका जवळ, आणि दांडा त्यांच्यापुढे धरला. पाण्याचा आवाज होता, त्यात माझी चाहूल बुडाली असावी. अप्पांनी बघितलं नाही. मला वाटलं मुद्दाम. मग लक्षात आलं, त्यांच्या लेखी तिथे कुणी नव्हतंच. ते वर बघत स्वतःशी काहीतरी पुटपुटत होते. ते मी शेवटी सांगतो. माझा हात दांड्याच्या वजनाने भरून आला तरी मी तसाच उभा.

शेवटी मी अप्पा म्हणून हाक मारली. ते असे दचकले की त्यांचा पाय धक्क्याच्या कडेवरून सुटला. मी धरलं म्हणून, नाहीतर तुला हे पत्र वेगळं आलं असतं. श्वास जागेवर आल्यावर त्यांनी विचारलं, तू कधी आलास? मी म्हणालो, केव्हाचा उभा आहे, तुमच्या डाव्या हाताला. मग डावा हात हळूहळू पुढे करून त्यांनी चाचपलं, हाताला दांडा लागला, त्यावरून त्यांनी बोटं फिरवली, मुठीची जागा झिजलेली आहे तिथे थांबले. म्हणाले, "मूर्ख चोर." मी म्हणालो, हो. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं,

"शाळेची पोरं डावीकडूनच चढतात ना रे?"

मी पुन्हा हो म्हणालो. मला वाटलं, मिटलं. देवाचे आभार मानून झोपलो. आणि गुरुवारी सकाळी धक्क्यावर जाऊन बघतो तर काय, अप्पांनी आपला दांडा पुन्हा बसवलाय, बोल्ट आवळलाय आणि स्वतः सुकाणूवर बसलेत. मला म्हणाले, बघतोस काय, दोर सोड. सांग मला, काय करावं माणसाने? कळलंय, पटलंय, रात्रभर कूस बदलत होते ते मी भिंतीपलीकडून ऐकलंय, आणि तरी सकाळी दोर सोड! गुरुवारी आणि शुक्रवारी मी पुढे उभं राहून डावीकडचं सगळं ओरडून सांगत राहिलो. होडी, ओंडका, खांब, मास्तरीणबाई. घसा बसला. अप्पा म्हणाले, एवढं ओरडायला मी बहिरा आहे का.

आज सकाळी मी त्यांच्या आधी गेलो. चोरून गेलो नाही, जाताना बाकाजवळ थांबून सांगून गेलो, की आज सुकाणूवर मी बसणार आहे. ते दाढीचा साबण लावत होते, थांबले नाहीत. धक्क्यावर जाऊन लाँचच्या कडेवर हात ठेवून रोजच्यासारखा नमस्कार केला, इंजिन चालू केलं, चष्मा पुसून लावला आणि बसलो. माणसं आली. चहावाला आपली किटली घेऊन टोकापर्यंत आला, असा तमाशा कोण सोडणार. अप्पा आले तेव्हा लाँच भरलेली होती. ते धक्क्यावरच उभे राहिले, मी बसलेली जागा नेमकी बघत. सगळ्यांना ऐकू जाईल असं ते म्हणाले, चष्मा लावून या सुकाणूवर आजवर कुणी बसलेलं नाही. मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू. आजोबांपुढे उभा होतो तशी वाटली. पण आवाज चढवला नाही, हे तू लिहून ठेव. मी म्हणालो,

"अप्पा, चष्म्यातून दुप्पटलाही दोन दिसले होते. ती पास होती. आपली रीतच चुकली."

अप्पांचा चेहरा मला वाचता आला नाही. मग ते वाकले, खुंट्यावरचा दोर सोडला, गुंडाळला, जसा मी रोज गुंडाळतो तसा, आणि जोरात माझ्या तोंडावर फेकला. नेम अचूक लागला. मधलं त्यांना अजून स्वच्छ दिसतं. माझा चष्मा नाकावरून उडाला, मास्तरीणबाईंनी झेलला, आणि लाँचभर जे हसणं उठलं त्यात अप्पा उजव्या बाजूने चढून पुढच्या फळीवर, तुझ्या जागी जाऊन बसले. अर्ध्या वाटेवर तिथूनच, मागे न वळता ओरडले, समोर लांबवर वाळूची नाव आहे, झोपलास का. ती मला अजून दिसलीही नव्हती. दिवसभर ते लांबचं सांगत होते आणि मी जवळचं बघत होतो. बोलत मात्र नाहीत माझ्याशी. जेवताना पाणी हवं असलं तर तुझ्या वहिनीला सांगतात, त्याला म्हणावं तांब्या इकडे सरकव.

आता बुधवारचं ते पुटपुटणं. त्याच्यासाठीच खरं तर हे पत्र. मला वाटलं होतं ते जोडी मोजत असतील, किंवा देवाचं नाव घेत असतील. ते दोन्ही नव्हतं. अप्पा वर बघत अगदी हळू, जसं तू लहानपणी रुसलीस की तुझ्याशी बोलायचे तसं म्हणत होते, "दोन तर हे दिसले. बाकीचे चार कुठे ठेवलेस गं?" त्यांच्या तोंडून हे पहिल्यांदाच निघालं असं मला वाटत नाही. तुझं कार्ड आल्यापासून शेवटच्या फेरीनंतर ते टोकाला उभे राहतात, ते मी त्यांची परीक्षा समजत आलो. ते तुझे तारे शोधत होते. तुला स्वतः ये म्हणणार नाहीत, मान मोडली तरी म्हणणार नाहीत, तुला ते माहीत आहे. म्हणून मी म्हणतो. पोरांच्या सहामाही सुट्टीची वाट बघू नकोस, सप्तर्षी संध्याकाळी वर आहेत तोवर ये, आणि त्यांचं मधलं शाबूत आहे तोवर. येताना तुझी ती दुर्बीण आण. सहा दाखवता येणार नाहीत हे मला पाठ आहे, तिसरा एक दाखव. एवढी वर्षं उघड्या डोळ्यांचा हेका धरलेला माणूस काचेला डोळा लावेल की नाही याची खात्री मी देत नाही. पण आज संध्याकाळी शेवटची फेरी लावल्यावर मी त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन उभा राहिलो, त्यांना दिसेल असा, आणि सांगून टाकलं की मी तिला बोलावलंय, आणि ती आली की सकाळच्या फेरीला सुकाणू तिच्या हातात देणार आहे, चष्म्यासकट. ते नाही म्हणाले नाहीत. दोर गुंडाळत राहिले.

तुझाच,
आता दोर न फेकणारा दादा